ऑपरेशन होत नाही तेव्हा

ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या स्टेशनचा पूल चढताना दम लागणं ही एक तक्रार, आणि पूल चढताना मांड्याच न उचलणं ही वेगळीच तक्रार. पहिलीमागे वय, वजन, हृदय, कमी झालेलं हिमोग्लोबिन असं बरंच काही असू शकतं. दुसरी तक्रार असलेल्या माणसाला खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. त्यातच चेहरा गोल आणि लालसर झालेला असेल, पोट सुटून हातपाय मात्र काटकुळे झाले असतील, पोटावर सेंटिमीटरभर रुंदीचे जांभळे पट्टे उठले असतील, नुसता धक्का लागला तरी काळंनिळं होत असेल आणि चाळिशीच्या आत रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढली असतील, तर डॉक्टरांच्या मनात कुशिंग सिंड्रोमचं नाव यायला हवं. प्रत्यक्षात ते यायला बहुतेकांची काही वर्षं जातात. यातलं प्रत्येक लक्षण सुटं पाहिलं तर घरोघरी सापडणारं आहे. सगळी एकत्र पाहणारा डॉक्टर भेटावा लागतो.

अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी अशा रुग्णाचं वर्णन १९१२ मध्ये केलं आणि १९३२ मध्ये या आजाराचा संबंध पिट्युटरी ग्रंथीतल्या बारीक गाठीशी जोडला. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याच्या हुकमावर दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. सकाळी कॉर्टिसॉल सर्वांत जास्त असतं, मध्यरात्री जवळपास शून्याला टेकतं. कुशिंगमध्ये ही रात्रीची उतरण नाहीशी होते आणि शरीर चोवीस तास कॉर्टिसॉलमध्ये बुडून राहतं. स्नायू झिजतात, हाडं पोकळ होतात, कातडी पातळ पडते, साखर वाढते, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद जाते. उपचार न झालेला कुशिंग जिवावर बेततो.

आजार दुर्मिळ आहे. युरोपातल्या नोंदींवरून दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर साडेअठरा लाखांच्या जवळ होतं आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या. त्याच प्रमाणाने हिशेब केला तर या दोन महापालिकांच्या हद्दीत दरवर्षी सहा ते नऊ माणसांना हा आजार होत असला पाहिजे, आणि २०११ नंतर वस्ती वाढली ती वेगळीच. म्हणजे हा परदेशातल्या पुस्तकातला आजार नाही, तो आपल्याच लोकलमध्ये उभा आहे.

पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण आपल्याकडे कुशिंगसारखा चेहरा दिसण्याचं सर्वांत सामान्य कारण गाठ नसून गोळ्या असतात. सांधेदुखी, दमा, खाज, 'अंग भरत नाही' अशा तक्रारींसाठी डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन महिनोन्महिने घेतलं जातं. कधी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर, कधी दुकानातून तोंडी मागून, कधी नाव नसलेल्या पुडीतून. चेहऱ्यावर लावायच्या काही क्रीममध्येही स्टेरॉइड असतं. असं निघालं तर उपाय वेगळा आहे. त्या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, कारण बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. डॉक्टरच त्या आठवड्यामागून आठवडा कमी करत नेतात. या प्रकरणातला पुढचा मजकूर ज्यांच्या शरीरातच जास्तीचं कॉर्टिसॉल तयार होतं त्यांच्यासाठी आहे.

त्यांच्यासाठी पहिला आणि सर्वांत चांगला उपाय ऑपरेशन हाच आहे, आणि औषधांचं कौतुक करणाऱ्या प्रकरणातही हे ठासून सांगायला हवं. पिट्युटरीची गाठ नाकावाटे काढतात. गाठ लहान असेल आणि सर्जन या कामात मुरलेला असेल, तर पाचपैकी चौघांच्या आसपास रुग्ण बरे होतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या रुग्णासाठी याचा रस्ता बहुधा परळला जातो. १९२६ पासून चालू असलेल्या तिथल्या केईएम रुग्णालयाच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागातून डॉ. नलिनी शाह, डॉ. तुषार बांदगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुशिंग आणि पिट्युटरी-अॅड्रिनलच्या इतर आजारांवर सातत्याने संशोधन प्रसिद्ध केलं आहे. परदेशी आकड्यांवर विसंबून राहण्याऐवजी आपल्या रुग्णांची नोंद आपण ठेवणं किती मोलाचं असतं, हे त्या कामातून दिसतं.

पण ऑपरेशन प्रत्येकाचं होत नाही. कुणाचं हृदय किंवा फुप्फुस भूल सोसण्याच्या स्थितीत नसतं. कुणाची गाठ शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेली असते. एमआरआयमध्ये गाठ दिसतच नाही असे रुग्णही बरेच असतात. कुणाची एसीटीएच सोडणारी गाठ फुप्फुसात किंवा आणखी कुठे दडलेली असते आणि सापडता सापडत नाही. कुणाचं ऑपरेशन होऊन आजार काही वर्षांनी परततो, तर कुणाला रेडिएशन दिलेलं असतं आणि त्याचा गुण यायला दोन-तीन वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. तोवर कॉर्टिसॉलला आवर घालायला औषध लागतं.

या औषधांचा इतिहास मला वैद्यकातल्या अतिशय बोलक्या इतिहासांपैकी वाटतो. यातली बहुतेक औषधं कुशिंगसाठी शोधलीच गेली नव्हती. ती भलत्याच कामासाठी आली, तिथे त्यांनी काही नुकसान केलं, आणि ते नुकसान कुणीतरी नीट पाहिलं.

केटोकोनॅझोल घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोटात घ्यायचं बुरशीविरोधी औषध म्हणून ते बाजारात आलं. लवकरच ते घेणाऱ्या काही पुरुषांची छाती स्त्रियांसारखी वाढू लागल्याच्या तक्रारी आल्या. १९८२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की बुरशीचं आवरण बनवणारी रसायनक्रिया जशी हे औषध अडवतं, तशीच माणसाच्या शरीरात कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल बनवण्याची साखळीही अडवतं. बुरशीच्या रुग्णासाठी हा दोष होता. कॉर्टिसॉलने बेजार झालेल्या रुग्णासाठी हीच तर गरज होती. पुढे २०१३ मध्ये यकृताला होणाऱ्या इजेमुळे युरोपात आणि अमेरिकेत बुरशीसाठी याच्या गोळ्या देण्यावर कडक बंधनं आली, आणि २०१४ मध्ये युरोपने तेच औषध कुशिंगसाठी रीतसर मंजूर केलं. नखाच्या बुरशीसाठी यकृताचा धोका पत्करणं शहाणपणाचं नाही. कुशिंगमध्ये तो पत्करावा लागतो. फ्रान्समधल्या २०० रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांचं लघवीतलं कॉर्टिसॉल सामान्य पातळीवर आलं. निम्मे हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. उरलेल्या निम्म्यांना डोस वाढवावा लागतो, दुसरं औषध जोडावं लागतं किंवा वेगळी वाट धरावी लागते.

एटोमिडेटची गोष्ट याहून कठीण आहे. हे भुलीचं इंजेक्शन. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की अतिदक्षता विभागात ज्या जखमी रुग्णांना एटोमिडेट देऊन दिवसेंदिवस झोपवून ठेवलं होतं, त्यांच्यात मृत्यू जास्त होत होते. शोध घेतल्यावर कळलं की हे औषध कॉर्टिसॉल बनवणारं एक एन्झाइम बंद पाडतं, आणि जखमी शरीराला ज्या वेळी कॉर्टिसॉलची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी ते मिळेनासं होतं. आज तेच एटोमिडेट, भुलीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत, आयसीयूमध्ये अत्यवस्थ कुशिंग रुग्णाला शिरेतून देतात. रुग्ण गोळी गिळू शकत नसेल, संसर्ग रक्तात पसरला असेल, तर काही तासांत कॉर्टिसॉल खाली आणणारं असं दुसरं साधन हाताशी नसतं.

मायटोटेन थेट कीटकनाशकांच्या कुळातलं आहे. हिवतापाच्या मोहिमांमुळे डीडीटी आपल्या मागच्या पिढीला घरोघरी माहीत होतं. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात पनवेलजवळच्या रसायनीला ते तयार व्हायचं. त्याच्या एका भावंड रसायनाची विषारीपणाची चाचणी कुत्र्यांवर चालू असताना १९४९ मध्ये दिसलं की कुत्र्यांच्या अॅड्रिनल ग्रंथींची साल झडून जाते आहे. त्यातूनच मायटोटेन आलं, आणि पसरलेल्या अॅड्रिनल कर्करोगात आजही तेच मुख्य औषध आहे.

मिफेप्रिस्टोन आपल्याकडे गर्भपाताची गोळी म्हणून ओळखलं जातं. पॅरिसजवळच्या रूसेल-युक्लाफ कंपनीत ते १९८० मध्ये तयार झालं, आणि तिथला तो शोध मुळात कॉर्टिसॉलचा परिणाम रोखणाऱ्या रेणूंचा होता. गर्भपातासाठीचा उपयोग जगभर गाजला आणि मूळ हेतू मागे पडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला कुशिंगसाठी परवानगी दिली ती नेमक्या अटीसह: कुशिंगमुळे साखर वाढलेले प्रौढ रुग्ण, ज्यांचं ऑपरेशन अयशस्वी झालं किंवा ज्यांचं ऑपरेशन करताच येत नाही. त्यामागच्या चाचणीत ५० रुग्ण होते आणि ती २४ आठवडे चालली. मधुमेह किंवा वाढती साखर असलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या साखरेत ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा झाली. गर्भपातासाठी याची २०० मिलिग्रॅमची एकच गोळी देतात. इथे रोज ३०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे १२०० पर्यंत जातात.

या औषधाची एक खोड डॉक्टरांनाही चकवते. ते कॉर्टिसॉल बनणं थांबवत नाही, कॉर्टिसॉल पेशीत जिथे जाऊन बसतं ती जागा अडवतं. त्यामुळे रक्ततपासणीत कॉर्टिसॉल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं, आणि त्याच वेळी शरीराला ते कमी पडत असू शकतं. रिपोर्ट पाहून डोस ठरवता येत नाही. वजन, साखर, रक्तदाब, पोटॅशियम आणि रुग्णाला कसं वाटतं आहे, यावरच चालावं लागतं. गर्भपात घडवणारं औषध असल्याने गर्भवतीला ते देता येत नाही, आणि दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरावर लक्ष ठेवावं लागतं.

अगदी अलीकडचं ओसिलोड्रोस्टॅट, ज्याला २०२० मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, तेही मूळचं दुसऱ्याच कामासाठीचं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी करून रक्तदाब उतरवायचा म्हणून त्याच्यावर काम सुरू झालं होतं. चाचण्यांत ते कॉर्टिसॉलही पाडतं असं दिसलं आणि दिशा बदलली. पॅसिरिओटाइड हे इंजेक्शन मात्र पिट्युटरीच्या गाठीवर नेम धरून बनवलेलं आहे. त्याची अडचण अशी की ते साखर आणखी वाढवतं, आणि कुशिंगच्या रुग्णाची साखर आधीच वाढलेली असते.

मला या इतिहासातून जे सांगायचं आहे ते थेट रुग्णाच्या कामाचं आहे. या औषधांमध्ये गुण आणि अपाय यांना वेगळं करणारी रेघ नाही. कॉर्टिसॉल अडवणं हाच गुण आहे आणि जरा जास्त अडवलं की तोच जीवघेणा अपाय आहे. ऑपरेशनमध्ये कसब सर्जनच्या हातात असतं. औषधोपचारात ते मोजमापात असतं, आणि ते मोजमाप वर्षानुवर्षं करायचं असतं. म्हणून 'ऑपरेशन होत नाही, आता फक्त गोळ्या' यातला 'फक्त' मला अजिबात पटत नाही.

मोजमाप म्हणजे काय काय, हे कल्याणच्या एखाद्या नोकरदार रुग्णाच्या दृष्टीने पाहू. कॉर्टिसॉलला घड्याळ असतं, त्यामुळे सकाळचा नमुना आठ-नऊच्या दरम्यानच द्यावा लागतो. कल्याणहून परळ पंचेचाळीसेक किलोमीटर, धीम्या गाडीने तासाहून जास्त, तेही ऐन गर्दीच्या वेळेला. मांड्यांत ताकद नसलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला त्या गर्दीत ढकलण्यापेक्षा घराजवळच्या चांगल्या लॅबमध्ये नमुना देऊन रिपोर्ट तज्ज्ञाकडे नेणं केव्हाही चांगलं. फक्त दर वेळी लॅब तीच ठेवावी. काही औषधांमुळे कॉर्टिसॉलशी साम्य असलेली रसायनं रक्तात साचतात आणि साध्या चाचणीत ती कॉर्टिसॉल म्हणून मोजली जातात. अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीची चाचणी डॉक्टर सांगतात. चोवीस तासांची लघवी जमा करण्यासाठी सुट्टीचा दिवस निवडावा: रविवारी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची जमा करायची आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या लघवीने संपवायचं. एकदा जरी निसटली तरी आकडा खोटा येतो. डोंबिवली एमआयडीसीत किंवा ठाण्याच्या कॉलसेंटरात रात्रपाळी करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. त्यांचं घड्याळ सरकलेलं असतं आणि मध्यरात्री लाळेतलं कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी त्यांच्या बाबतीत भरवशाची राहत नाही.

केटोकोनॅझोल चालू असेल तर सुरुवातीचे काही महिने यकृताच्या तपासण्या वरचेवर होतात. शिवाय हे औषध शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या सकाळच्या चहाइतक्या सवयीच्या झाल्या आहेत, आणि त्या चालू असतील तर केटोकोनॅझोल नीट लागू पडत नाही. डॉक्टर डोस वाढवत राहतात आणि अडचण मात्र अॅसिडिटीच्या गोळीत असते. आपण घेत असलेलं प्रत्येक औषध, आयुर्वेदिक काढे आणि दुखण्यावरच्या पुड्यांसकट, एका कागदावर लिहून न्यावं.

सर्वांत मोठी खबरदारी कॉर्टिसॉल फार खाली जाण्याची. मळमळ, उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, अंगभर दुखणं, काहीही न खावंसं वाटणं. ही चिन्हं आली, तीही ताप किंवा जुलाबाच्या दिवसात, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. जवळच्या रुग्णालयात जाऊन 'मी कॉर्टिसॉल कमी करणारं औषध घेतो' एवढं वाक्य सांगितलं तरी निर्णय लवकर होतो. तातडीचा उपचार म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन. मिफेप्रिस्टोन घेणाऱ्याला मात्र डेक्सामेथासोन द्यावं लागतं आणि तेही जास्त मात्रेत, म्हणून औषधाचं नाव सांगणं आणखी महत्त्वाचं. काही रुग्णांत डॉक्टर मुद्दामच कॉर्टिसॉल पूर्ण बंद पाडतात आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांनी ते बाहेरून भरून काढतात. अशा माणसाची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एकही दिवस चुकता कामा नये.

संप्रेरकांच्या इतर आजारांत चित्र बरंच आशादायक आहे. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, सोडणाऱ्या पिट्युटरीच्या गाठीत तर औषधच पहिला उपाय आहे. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून दोनदा घेतली की बहुतेकांचं प्रोलॅक्टिन उतरतं आणि गाठ आकसते, पाळी परत येते, मूल होतं. हे औषध अरगट बुरशीच्या रसायनांपासून आलं आहे. ही बुरशी लागलेलं धान्य खाल्लं की दूध आटतं, हे जुनं निरीक्षण होतं. काही रुग्णांत कॅबरगोलिनमुळे जुगार, अनावर खरेदी अशा ओढी निर्माण होतात. घरच्यांनी हे माहीत करून घ्यावं, कारण रुग्ण स्वतःहून सांगत नाही.

अल्डोस्टेरॉन वाढून रक्तदाब चढण्याचा आजार जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केला. दोन्ही अॅड्रिनल गुंतल्या असतील तर ऑपरेशन कामाचं नसतं, आणि तिथे स्पायरोनोलॅक्टोनसारखी जुनी गोळी उत्तम काम करते.

थायरॉइड जास्त चालण्याच्या आजारात कार्बिमॅझोल देतात. त्याचंही मूळ असंच: १९४० च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये आतड्यातले जंतू मारायचं औषध दिलेल्या उंदरांच्या थायरॉइड फुगल्या आणि थायरॉइड रोखणाऱ्या औषधांची वाट सापडली. कार्बिमॅझोल घेताना ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. हा अपाय क्वचितच होतो, पण झाला तर वेळ फार थोडा असतो. दीड वर्ष गोळ्या घेऊनही आजार परतला तर किरणोत्सारी आयोडीनचा डोस हा ऑपरेशनशिवायचा पर्याय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा रुग्णालयाच्या अॅनेक्समध्ये १९६३ पासून हे काम करतं आहे.

प्रश्न पैशाचा राहतो. पॅसिरिओटाइड, ओसिलोड्रोस्टॅट यांसारखी नवी औषधं भारतातल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून इथला उपचार अजूनही केटोकोनॅझोल आणि कॅबरगोलिनसारख्या जुन्या गोळ्यांवर उभा असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांचा खर्च उचलते, आणि मेडिक्लेमचंही बहुधा तेच असतं. ऑपरेशन झालेल्याचं बिल भरलं जातं. ज्याचं ऑपरेशन होऊच शकत नाही, तो जास्त आजारी माणूस वर्षानुवर्षं गोळ्या आणि तपासण्या स्वतःच्या खिशातून करतो. हा अन्याय आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर या तिन्ही ठिकाणी संप्रेरकांच्या नमुन्यांची आणि अशा दीर्घ उपचारांतल्या गोळ्यांची मोफत सोय असायला हवी. वर्षाला सहा-नऊ नव्या रुग्णांसाठी कुठल्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकाला हा खर्च जड जाणार नाही. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हे लेखी कळवा. आणि तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या खिशात औषधांची नावं, डोस आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेली चिठ्ठी आजच ठेवा.